परचुरे शास्त्री : सेवा होती, औषध नव्हते

कुष्ठरुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या महात्मा गांधींचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. त्यातील रुग्ण म्हणजे संस्कृत पंडित परचुरे शास्त्री. १९३२ मध्ये ते येरवडा तुरुंगात होते. गांधीजीही तिथेच होते. पण कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवल्यामुळे दोघांचा संवाद पत्रांतूनच झाला. १९३९ मध्ये शास्त्रीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली. ते स्वतः त्यांच्या जखमा धूत, अंगाला मालिश करीत. शास्त्रीजी आश्रमात संस्कृत शिकवीत. पुढे ते दत्तापूरच्या कुष्ठधामात गेले आणि १९४५ मध्ये वारले.

एवढी सेवा होऊनही आजार का हटला नाही? कारण कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंत, म्हणजे नसांत, लपतो. विजेच्या तारेवर जसे आवरण असते, तसे नसेतील तंतूंभोवती श्वॉन पेशींचे वेष्टण असते. या पेशींवरील लॅमिनिन नावाच्या प्रथिनाला चिकटून जंतू आत शिरतो. वेष्टण खराब होते, शरीराच्या प्रतिकारामुळे नस सुजते आणि दाबाखाली तंतू मरू लागतात. मग चटका किंवा काटा कळत नाही, जखम चिघळते, बोटे वाकडी होतात. मालिश त्या जंतूपर्यंत पोहोचत नाही. त्या काळी चौलमुग्रा तेलापलीकडे फारसे औषधच नव्हते.

आज औषध आहे. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते आणि ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते. पण औषध जंतू मारते, पूर्ण मेलेली नस जिवंत करत नाही. म्हणून उशीर करू नका.

भंडारा जिल्ह्यात आजही नवे रुग्ण आढळतात. गोसीखुर्द परिसरात धानाच्या बांधीत अनवाणी राबणाऱ्यांनी आणि चुलीपाशी काम करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. फिकट किंवा लालसर बधिर चट्टा, हातापायांना मुंग्या, कोपराजवळ दुखरी जाड नस, पायातून नकळत निसटणारी चप्पल, यांपैकी काहीही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा किंवा आशाताईंना सांगा. उपचार सुरू असताना नस अचानक दुखू लागली किंवा हातपाय लुळा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. वेळेवर दिलेल्या स्टेरॉइडने नस वाचू शकते.

औषध सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच संपतो. रुग्णासाठी वेगळी झोपडी नको. घरातच राहू द्या.