बाबासाहेबांचे इंग्रजी घडले कसे? प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींसाठी



भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीत धानाची मळणी आटोपली की मुलांच्या हाताला थोडी सवड मिळते. संध्याकाळची वंदना झाल्यावर विहारातच सतरंजी टाकून आम्ही बारावीच्या मुलामुलींना घेऊन बसतो. कुणाला सीयूईटी द्यायची असते, कुणाला पाच वर्षांच्या लॉची सीईटी. गणित असो की इतिहास, मुले धीराने बसतात. इंग्रजीचा उतारा समोर आला की मात्र डोळे खाली जातात.

यंदा एका मुलीने भरत आणलेला फॉर्म परत पिशवीत ठेवला. इंग्रजी आपल्याला जमणारे नाही, असे तिचे म्हणणे होते. समोरच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहून ती म्हणाली की, तेवढे डोके आपल्याकडे कुठून येणार? आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. घरी जाताना मात्र वाटले की चूक आमचीच आहे. दर १४ एप्रिलला आम्ही बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी मोठ्या आवाजात वाचतो. त्या पदव्यांआधी एका मुलाने इंग्रजीची पहिली वाक्ये कशी गिरवली, ते सांगत नाही. म्हणून हा लेख.

बाबासाहेबांचे इंग्रजी समजून घ्यायचे तर सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करावी लागते. रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. ब्रिटिश लष्कराला शिपाई आणि त्यांची मुले शिकलेली हवी होती, म्हणून छावण्यांत शाळा चालत. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे १४ वर्षे ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या समाजाला गावच्या शाळेच्या ओसरीवरही बसू देत नसत, त्या समाजातला माणूस छावणीत शाळा चालवत होता. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा नोकरीबरोबर हा शिक्षणाचा दरवाजाही बंद झाला. रामजींना त्याचा अर्थ नेमका कळला होता. भरतीबंदीविरुद्धचा अर्ज लिहून घेण्यासाठी ते न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि तिथून साताऱ्याला आले. साताऱ्यातच आई भीमाबाई गेल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात घातले गेले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत बसायचे वेगळे, पाणी दुसऱ्याने वरून ओतले तरच मिळायचे, हे आपण सगळे जाणतो.

पण एक गोष्ट आपण फारशी सांगत नाही. हा मुलगा सुरुवातीला अभ्यासात रमणारा नव्हता. खेळ, बागकाम, शेळ्या राखणे असे त्याचे नाद होते. साताऱ्यातून पळून मुंबईला जायचे आणि गिरणीत काम धरायचे, असे त्याने एकदा ठरवले होते. भाड्याच्या पैशांसाठी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायचा बेत होता. बऱ्याच रात्री प्रयत्न करून पिशवी हाती आली, तेव्हा तिच्यात अर्धा आणाच निघाला. त्या फजितीनंतर त्याने ठरवले की आता मन लावून शिकायचे आणि लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. मुलांनो, तुमच्यापैकी कुणी पुणे किंवा सुरतच्या कंपनीत जायचा विचार करत असेल, तर भिवाच्या मनातही हाच विचार येऊन गेला होता, हे लक्षात असू द्या.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. सगळ्या कुटुंबाला एकच खोली. तीत चूल, भांडी, सरपण आणि माणसे. जागा इतकी अपुरी की घरातली सगळी माणसे एकाच वेळी झोपूही शकत नसत. त्यावर रामजींनी तोड काढली. भिवाला ते लवकर निजवायचे आणि स्वतः जागे राहायचे. रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवायचे आणि मग त्याच्या जागी आपण आडवे व्हायचे. पहाटेपर्यंत मुलगा दिव्याच्या उजेडात वाचत बसे.

तो वाचत काय होता? हा प्रश्न आमच्या मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. रामजींनी त्याच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पक्की करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तिन्ही भाग घोटून घेतले. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत, अशी दोन्ही बाजूंनी वाक्ये लावायची. नेमका शब्द कोणता, तो कुठे बसतो, याकडे रामजींचे बारीक लक्ष असे. हे काही गुपित नव्हते. तर्खडकर तेव्हा बाजारात मिळत होते आणि आजही मिळतात.

या पद्धतीत काय ताकद आहे, ते आम्हाला शिकवताना कळले. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून मधे येते. आपण सहज म्हणतो की धानाला पाणी दिले. कोणी दिले, हे सांगायची मराठीला गरज पडत नाही. इंग्रजीत मात्र तो माणूस आधी उभा करावा लागतो किंवा वाक्याचा प्रयोगच बदलावा लागतो. तसेच मी एकोडीला राहतो, साकोलीला जातो, आईला सांगतो, या तिन्ही ठिकाणी आपला एकच ‘ला’ चालतो. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘इन’ येतो, दुसऱ्या ठिकाणी ‘टू’ येतो आणि ‘टेल’ वापरले तर आईच्या आधी काहीच येत नाही. ‘अ’ आणि ‘द’ तर मराठीत नाहीतच. म्हणजे आमची मुले जिथे चुकतात, तिथे अक्कल कमी पडत नसते, दोन भाषांचे सांधे वेगळे असतात. ते सांधे एकेक वाक्य दोन्ही बाजूंनी लावल्याशिवाय हाताला लागत नाहीत. रामजींनी आपल्या मुलाकडून तेच करून घेतले.

पुस्तकांचे पैसे कुठून आणायचे, हा दुसरा प्रश्न. भिवाला शाळेच्या पुस्तकांपेक्षा इतर पुस्तकांचा नाद जास्त. रामजी कुरकुरायचे, पण पुस्तक आणून द्यायचे. हातात पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिच्याकडे रोकड नसली तर अंगावरचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. बाबासाहेबांच्या शिक्षणात त्यांच्या बहिणींच्या दागिन्यांचाही वाटा आहे. जयंतीच्या भाषणात त्यांचे नाव कुणी घेत नाही.

मुंबईत आधी मराठा हायस्कूल आणि मग सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूल झाले. तिथेही जातीने पाठ सोडली नाही. गणित सोडवायला भीमराव फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गातल्या मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण शिक्षकांनी अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला नकार दिला. नाइलाजाने त्यांनी फारशी घेतली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. आज मॅट्रिक म्हटले की आपल्याला दहावी आठवते. पण त्या काळी मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाची परीक्षा होती आणि ती पास झाल्याशिवाय कॉलेजात पाऊल टाकता येत नव्हते. म्हणजे ती त्या काळची प्रवेश परीक्षाच होती आणि तिचा सगळा कारभार इंग्रजीत चाले. आज तुम्ही ज्या उंबरठ्यावर उभे आहात, त्याच उंबरठ्यावर परळच्या एका खोलीतला हा मुलगा उभा होता.

महार समाजातला मुलगा मॅट्रिक झाला, ही मोठी गोष्ट होती. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भीमरावांना भेट दिले. केळुसकरांची आणि त्यांची ओळख चर्नी रोडच्या बागेत झाली होती. शाळा सुटल्यावर भीमराव तिथे वाचत बसत आणि गुरुजी तिथेच येत. एका मुलाला रोज पुस्तकात डोके घातलेले पाहून त्यांनी विचारपूस केली आणि पुढे पुस्तके दिली. पुढे पैशांअभावी कॉलेज अडले, तेव्हा केळुसकरांनीच त्यांना सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. बुद्ध हातात आला तो मराठी पुस्तकातून, कॉलेजचे दार उघडले ते इंग्रजीतून. या दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११ आणि समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनही घेतले. म्हणजे कोलंबियात बसूनही ते नव्या भाषेची पहिली पायरी चढत होते. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध तिथल्या चर्चासत्रात वाचला, तेव्हा त्यांचे वय २५ होते. पुढे लंडनला त्यांचा रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी आधी परत पाठवला. त्यांनी तो पुन्हा लिहून काढला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. आमची मुले एका सराव परीक्षेत कमी गुण पडले की वही बंद करतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

या इंग्रजीचे बाबासाहेबांनी केले काय? जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. नंतर गोलमेज परिषदेत मांडली, पुढे संविधान सभेत मांडली. राज्यकर्त्यांशी बोलायची भाषा इंग्रजी होती आणि आपल्या वतीने दुसरा कुणी बोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला तो मराठीत. १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ही मराठीत. आपल्या माणसांशी ते आपल्या भाषेत बोलले. इंग्रजी शिकणे म्हणजे मराठी टाकणे नव्हे, हे त्यांच्या आयुष्यातून स्पष्ट दिसते. आज सीयूईटीत भाषेच्या पेपरसाठी मराठीही निवडता येते. ज्यांना तो मार्ग योग्य असेल त्यांनी तो जरूर घ्यावा. पण भीतीपोटी इंग्रजी सोडू नये, कारण प्रवेशानंतरची पुस्तके बहुतेक इंग्रजीतच भेटतात.

आपल्या भंडाऱ्याशीही बाबासाहेबांचे नाते आहे. १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीत ते इथून उभे राहिले आणि हरले. तो पराभव आपल्या जिल्ह्याच्या नावावर लिहिलेला आहे. त्याची भरपाई पुतळे उभारून होणार नाही. त्यांनी उघडलेल्या दारातून आपल्या किती मुली आणि मुले आत जातात, यावरून ती मोजली जाईल.

शेवटची एक गोष्ट. आयुष्याच्या उत्तरार्धात, मधुमेहाने शरीर थकलेले असताना, बाबासाहेब पालीचे व्याकरण आणि पाली शब्दकोश तयार करत होते. पाली शब्दांना इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजराती प्रतिशब्द लावत होते. ते काम आज महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात आहे. संविधान लिहिणारा माणूस पुन्हा व्याकरणाची आणि शब्दांची वही घेऊन बसला होता. रामजींनी पहाटे लावलेली सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींना आमची विनंती आहे. रोज मराठीची दहा वाक्ये इंग्रजीत लावा, दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा मराठीत आणा. नवा शब्द एकटा पाठ करू नका, वाक्यात घाला. रोज एक पान मोठ्याने वाचा. आणि कार्यकर्त्यांना विनंती अशी की, यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा आणि विहारात शब्दकोश, पाठमाला आणि दिव्याची सोय करा. गावात एखाद्या मुलीला घरी जागा नसेल, तर विहाराची किल्ली तिच्या घरी द्या. रामजींनी आपली झोपायची जागा मुलाला दिली होती, आपल्याला फक्त किल्ली द्यायची आहे.

फॉर्म पिशवीत ठेवलेल्या त्या मुलीला आम्ही ही सगळी हकिकत सांगितली. तिने लगेच हो म्हटले नाही. पण दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा तिच्या वहीत दहा वाक्ये होती. सहा चुकलेली होती. आम्ही ती तिच्यासोबत बसून पुन्हा लावली.

नमो बुद्धाय.