एकच नाटक, पण चाली वेगळ्या : बालगंधर्वांच्या काळात स्वतःचा सूर लावणारे मास्टर दीनानाथ

साल 1931. ठिकाण रत्नागिरी. इंग्रज सरकारनं विनायक दामोदर सावरकरांना 1924 पासून याच जिल्ह्यात स्थानबद्ध करून ठेवलं होतं. परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. पण त्यांनी लिहिलेलं 'संन्यस्त खड्ग' मात्र रंगभूमीवर गेलं. बुद्धाच्या काळातली कथा, अहिंसा की शस्त्र हा वाद, आणि त्यात वल्लभ-सुलोचनेचं प्रेम.

हे नाटक उचललं ते बळवंत संगीत मंडळीनं. चाली होत्या वझेबुवांच्या आणि कंपनीचे हुकमी गायक-नट होते मास्टर दीनानाथ मंगेशकर.

आज त्यांची ओळख लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ यांचे वडील अशी सांगितली जाते. पण त्याआधीची गोष्ट तितकीच मोठी आहे.

दीनानाथांचा जन्म 29 डिसेंबर 1900 चा, गोव्यातल्या मंगेशीचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. वडील मंगेशाच्या देवळात पुजारी, तर आई येसूबाई देवदासी परंपरेतल्या. पुढं दीनानाथांनी गावाच्या नावावरून मंगेशकर हे आडनाव लावलं.

गळा लहानपणापासूनच तयार होता. पोरवयातच ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. बालगंधर्व 1913 मध्ये ही कंपनी सोडून गेले होते, त्यामुळं तिथं नव्या गाणाऱ्या नटाला जागा होती.

1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. वय होतं फक्त 17. गडकऱ्यांचं 'भावबंधन' याच कंपनीनं आणलं आणि दीनानाथांची लतिका गाजली.

पण तो काळ बालगंधर्वांचा होता. त्यांचं गाणं गोड, संथ, लयीत मुरलेलं. अख्खा महाराष्ट्र त्यावर फिदा. अशावेळी सोपा मार्ग म्हणजे त्यांची नक्कल करणं.

दीनानाथांनी ते केलं नाही. त्यांचं गाणं धारदार, चपळ, पंजाबी ढंगाच्या हरकती घेणारं. तान विजेसारखी यायची आणि ऐकणाऱ्याला कळायच्या आत निघून जायची.

फरक सगळ्यात जास्त दिसला तो 'मानापमान'मध्ये. खाडिलकरांच्या या 1911 च्या नाटकाला गोविंदराव टेंबेंच्या चाली होत्या आणि बालगंधर्वांची भामिनी लोकांच्या मनात बसली होती. दीनानाथांनी तेच नाटक घेतलं, धैर्यधर उभा केला आणि पदांना स्वतःच्या चाली दिल्या. लोकांना पाठ असलेलं गाणं बदलणं हा जुगारच होता. पण तो धैर्यधर चालला. आजही नाट्यसंगीताच्या मैफलीत यातली काही पदं दीनानाथांच्या वाटेनं गायली जातात.

दुसरा जुगार मात्र अंगाशी आला.

1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी सिनेमा बोलायला लागला. प्रेक्षक नाटकाकडून पडद्याकडं वळला. दीनानाथ आणि मंडळींनी मग सांगलीत स्वतःच सिनेमा काढायचं ठरवलं. 1934 मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' आला, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत. सिनेमा पडला. कंपनी कर्जात बुडाली आणि नाटकाचा संसारही विस्कटला.

गंमत म्हणजे बालगंधर्वही 1935 मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'मधून पडद्यावर गेले, आणि तेही तिथं रमले नाहीत. गाण्याचे दोन रस्ते वेगळे होते, पण सिनेमानं दोघांनाही साथ दिली नाही.

पुढची वर्षं ओढाताणीची गेली. 24 एप्रिल 1942 ला पुण्यात दीनानाथ गेले. वय होतं 41. थोरली लता तेव्हा अवघी 12 वर्षांची होती आणि घराचा भार तिच्यावर आला. त्याच वर्षी तिनं 'पहिली मंगळागौर'मध्ये काम केलं.

ज्या सिनेमानं बापाची कंपनी गिळली, त्याच सिनेमात पोरीनं बापाचा सूर अजरामर केला.