कान टोचावे ते सोनारानेच

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथे 23 फेब्रुवारी 1878 रोजी श्रीगजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले. उष्ट्या पत्रावळीतली शिते ते वेचून खात होते. बंकटलाल अगरवाल यांना त्यांची थोरवी उमगली. महाराजांनी ना पाठशाळा काढली, ना पोथी सोडून पाठ दिले. तरी शिष्याची चूक कशी दाखवावी, हे आम्ही कीर्तनकारांनी त्यांच्याच चरित्रातून शिकावे.

दासगणू महाराजांनी 1939 साली रचलेल्या श्रीगजाननविजय ग्रंथात ही कथा आहे. शेगावच्या महादेवाच्या देवळात गोविंदबुवा टाकळीकरांचे कीर्तन उभे राहिले. निरूपणास भागवताच्या एकादश स्कंधातील हंसगीतेचा श्लोक घेतला होता. बुवांनी पूर्वार्ध म्हटला, तोच बाहेर निंबापाशी बसलेल्या महाराजांनी उत्तरार्ध म्हटला. बुवा चकितच झाले! बाहेर येऊन, हात जोडून, त्यांनी महाराजांना आत येण्याची गळ घातली.

आता महाराजांनी काय केलं पाहा. बुवांच्या आवाजाला, पाठांतराला नावं ठेवली नाहीत. एकच विसंगती दाखवली. ईश्वर सर्वत्र भरला आहे हे आत्ताच सांगून झाल्यावर मला आत नेण्याचा हट्ट कशाला, असा त्यांचा आशय होता. साधकाने बोलावे तसे वागावे, पोटभरू कथेकरी होऊ नये, एवढे बजावले. आणि कीर्तन पुरे करायला परत पाठवले. आपण येथूनच ऐकू, असेही सांगितले.

सज्जनहो, यातले मर्म या शेवटच्या आज्ञेत आहे. चूक दाखवून शिष्याला खाली बसवले असते, तर ती नुसती फजिती झाली असती. महाराजांनी त्याला पुन्हा उभे केले आणि स्वतः श्रोते झाले. शिवाय आधी श्लोक पुरा करून आपला अधिकार दाखवला होता. सोनाराने टोचलेला कान चिघळत नाही, तो असा. बुवा आत गेले आणि शेगावास केवढा ठेवा लाभला आहे, ते आनंदाने श्रोत्यांस सांगू लागले.

सर्वांना एकच मात्रा मात्र चालत नाही. आत्मा अग्नीने जळत नाही, या गीतावचनावर ब्रह्मगिरी गोसावी तोऱ्याने प्रवचन करी. त्याला महाराजांनी पेटत्या पलंगावर येऊन बसायला बोलावले. त्याची घाबरगुंडी उडाली, ताठा गळाला. पण तेथेही नुसती फजिती करून ते थांबले नाहीत. मागाहून त्याला बोध केला. बुवांना शब्द पुरला, गोसाव्याला विस्तव दाखवावा लागला.

8 सप्टेंबर 1910 रोजी महाराज समाधिस्थ झाले. आज वहीवर तांबडी रेघ ओढणाऱ्या गुरुजींनी आणि चाल चुकली म्हणून पोराला टाळकऱ्यांदेखत झापणाऱ्या बुवांनी एवढं ध्यानी ठेवावं: चूक दाखवा, पण पोराला पुन्हा म्हणायला लावा, आणि ते संपेपर्यंत उठू नका.