माणदेशाचे ऋण मानणारा कवी : ग. दि. माडगूळकर

या स्मरणिकेत प्रतिवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली छापली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांची नावे तीत येत नाहीत, त्यांच्या घरी निकालाच्या दिवशी कोणती बोलणी होत असतील, हा विचार आम्हांस अस्वस्थ करतो. अशा घरांतील वडीलधाऱ्यांनी गजानन दिगंबर माडगूळकर यांचे चरित्र अवश्य ध्यानी घ्यावे. गणिताने दगा दिल्यामुळे हा मुलगा मॅट्रिक होऊ शकला नव्हता.

त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी माणदेशातील शेटफळे गावी झाला. जन्मतः मूल रडेना, म्हणून घरच्यांनी आशा सोडली. तोच सुइणीने बेंबीजवळ निखारा धरला आणि मुलाने टाहो फोडला, अशी हकीकत सांगतात. वडील औंध संस्थानच्या नोकरीत. मिळकत तुटपुंजी आणि संसार मोठा. आई बनूताईंनी तो कसा रेटला असेल, हे आमच्या जुन्या पिढीतील गृहिणींस सांगावयास नको. जात्यावरच्या ओव्या, भजन-कीर्तन आणि आभाळाकडे लागलेले डोळे, हीच त्या कोरड्या मुलखाची खरी पाठशाळा होती.

परीक्षा बुडाली तेव्हा घरास मिळवत्या हाताची निकड होती. तरुण गजानन कोल्हापुरास चित्रपटसृष्टीत शिरले. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटात त्यांनी लहानसे काम केले. वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणूनही ते राहिले. दुसऱ्याचे शब्द उतरवून घेता घेता स्वतःची लेखणी घडली, असे आम्हांस वाटते. पुढे दीडशेहून अधिक चित्रपटांशी त्यांचे नाव निगडित झाले. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ही कथा त्यांचीच. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची मुक्त वसाहत उभारली होती, तिच्यातून या कथेचे बीज मिळाले. आपल्या मुलखाने दिलेले त्यांनी असे जगापुढे ठेवले. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात तो चित्रपट गौरविला गेला.

पुण्यात मुंबई रस्त्यावर वाकडेवाडी येथे ‘पंचवटी’ हे त्यांचे घर झाले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. केंद्राचे सीताकांत लाड यांनी हे काम त्यांच्या गळी उतरविले आणि सुधीर फडके यांनी गीतांस चाली दिल्या. दर आठवड्यास नवे गीत, असा नेम वर्षभर चालला. त्या वर्षी अधिक मास आल्याने ५२ ऐवजी ५६ गीते झाली. हप्त्याहप्त्याने काव्य करणे म्हणजे काय, हे ज्यास ठराविक दिवशी चार ओळी द्याव्या लागल्या आहेत, त्यालाच कळेल. त्याच १९५५ मध्ये धाकटे बंधू व्यंकटेश यांची ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली. एकाच गरीब घरातून एका वर्षी दोन अशा कृती निघाव्या, हे भाग्य त्या माउलीचे.

पुण्यात इतका लौकिक मिळूनही गावाची ओढ सुटली नाही. माडगुळ्यास शेतात पत्र्याची एक खोली होती. गावकरी तिला ‘बामणाचा पत्रा’ म्हणत. शहराचा शीण झाला की ते तेथे जाऊन लिहीत बसत. भोवती पिके, पाखरे, गुरांच्या घंटा. पावसाची वाट पाहण्यात ज्याचे बालपण गेले, त्याच्याच लेखणीतून ‘देवबाप्पा’ (१९५३) मधले मोराला नाचावयास सांगणारे पावसाळी बालगीत उतरले, यात आम्हांस मुळीच नवल वाटत नाही.

१९६९ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली, आणि १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने पुढे दिले जाऊ लागलेले पारितोषिक पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु पत्नी विद्याताईंचे स्मरण म्हणून ‘गृहिणी-सखी-सचिव’ हाही पुरस्कार ठेवण्यात आला, आणि तो कलावंताच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या सहधर्मचारिणीस दिला जातो.