मोन्सिन्यर मार्तिन्यो दा कोस्ता लोपेस : तिमोरचा मेंढपाळ

वसई १७३९ साली पोर्तुगीज अमलातून बाहेर पडली, गोवा १९६१ साली. त्याच सत्तेखाली दूर आग्नेय आशियात पूर्व तिमोर हा अर्ध्या बेटाचा प्रदेश होता. तेथील मूळ रहिवाशांना मात्र पोर्तुगीज निघून गेल्यावर स्वातंत्र्य लाभले नाही. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेटिलिन पक्षाने स्वातंत्र्य घोषित केले आणि अवघ्या नऊ दिवसांत इंडोनेशियाचे सैन्य राजधानी दिलीत उतरले. पुढील वर्षी इंडोनेशियाने हा प्रदेश आपला प्रांत म्हणून जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांनी ते विलीनीकरण कधीच मान्य केले नाही. परंतु सैन्य हटले नाही.

या काळात तिमोरच्या ख्रिस्तसभेची धुरा ज्यांच्या खांद्यावर आली, त्या मोन्सिन्यर मार्तिन्यो यांचे आम्ही येथे स्मरण करीत आहोत. १९१८ साली लालेया येथे त्यांचा जन्म झाला. १९४८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे काही काळ लिस्बनच्या राष्ट्रीय सभेत ते तिमोरचे प्रतिनिधी होते. स्वभावाने ते बंडखोर नव्हतेच. १९७७ साली बिशप रिबेरो पायउतार झाले व मोन्सिन्यर प्रेषितीय प्रशासक झाले.

आरंभी त्यांचा भर खासगी भेटींवर होता. बेपत्ता झालेल्यांची, छळ झालेल्यांची गाऱ्हाणी घेऊन ते लष्करी अधिकाऱ्यांना भेटत. त्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. १९८१ साली लष्कराने हजारो पुरुष व मुलांना रांगा करून डोंगरांतून चालवले. गनिमांना हुसकावण्यासाठी उभारलेले ते माणसांचे कुंपण होते, आणि मागे शेते पेरणीविना पडून राहिली. त्याच मोहिमेत लाक्लुताजवळ सुमारे पाचशे जण मारले गेल्याचे मोन्सिन्यरांनी सांगितले. ऑक्टोबरमध्ये फातिमा माऊलीच्या मिरवणुकीत त्यांनी प्रथमच उघडपणे लष्कराचा निषेध केला. नंतर ऑस्ट्रेलियाला पत्र पाठवून दुष्काळाचा इशारा दिला. १९८२ साली त्या देशाचे माजी पंतप्रधान व्हिटलम तिमोरला जाऊन आले आणि त्यांनी उलट मोन्सिन्यरांवरच टीका केली!

उपासनेची भाषा हाही वादाचाच विषय होता. पोर्तुगीजच्या जागी इंडोनेशियन नव्हे, तर तेतुम ही लोकभाषा आली. रोमने १९८१ साली तिला मान्यता दिली. आमच्या मते त्यांच्या कार्यात हेच सर्वांत चिरस्थायी ठरले.

लष्कराचा दबाव वाढत गेला. पोपमहोदयांच्या जकार्तास्थित प्रतिनिधींनीही त्यांना पद सोडण्यास सांगितले, हे लिहिताना आम्हांस क्लेश होतात. १९८३ साली त्यांनी राजीनामा दिला. पुढे परदेशांत फिरून ते आपल्या लोकांची कैफियत मांडत राहिले. २७ फेब्रुवारी १९९१ रोजी लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा दिली परक्यांच्याच ताब्यात होती. १९७४ ते १९९९ या काळात तिमोरमध्ये संघर्ष, उपासमार व रोगराईने किमान १,०२,८०० माणसे दगावल्याचे पुढे सत्यशोधन आयोगाने नमूद केले. ३० ऑगस्ट १९९९ रोजी सार्वमत झाले, ७८.५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला आणि २० मे २००२ रोजी तिमोर स्वतंत्र झाला.