परवान्याविना घुमलेला आवाज

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसह काँग्रेसचे प्रमुख नेते तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. गावोगावच्या उठावाची खरी हकिकत शेजारच्या जिल्ह्यालाही कळेनाशी झाली. ९ सप्टेंबरला तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शाळकरी वयाचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती हुतात्मा झाले. अशा बातम्या सरकारी रेडिओ सांगणार नव्हता आणि वृत्तपत्रांना त्या मोकळेपणाने छापता येत नव्हत्या. ही कोंडी फोडण्यासाठी ज्यांनी स्वतःचे रेडिओ केंद्रच उभारले, त्यांच्यात अवघ्या २२ वर्षांच्या उषा मेहता होत्या.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. मुलीने चळवळीत पडावे, हे त्यांच्या पदाला मानवणारे नव्हते. तरीही आठ वर्षांच्या उषेने १९२८ मध्ये सायमन कमिशनच्या निषेधात भाग घेतला. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब मुंबईत आले. विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्या कायद्याचा अभ्यास करू लागल्या. पण १९४२ च्या हाकेने तो अभ्यास अर्धवट राहिला.

रेडिओवरून बोलणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता, तर १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला होता. तरीही देशात थोडे हौशी प्रक्षेपक होते. आज त्यांना 'हॅम' म्हणतात. परवान्याबरोबर अशा हौशी माणसाला एक सांकेतिक नाव, म्हणजे 'कॉल साइन', मिळते. त्यातील आरंभीची अक्षरे देश सांगतात. भारतीय हॅमची ओळख 'व्हीयू' या अक्षरांनी होते. पुढचा अंक आणि अक्षरे त्या व्यक्तीची असतात आणि जगात दुसऱ्या कोणाचीही तीच खूण नसते. संभाषणाच्या आरंभी आणि अखेरीस ती उच्चारावीच लागते. कोण बोलतो आहे, हे लपवायचे नाही, हा या छंदाचा पहिला नियम. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हे परवाने रद्द केले आणि हौशी केंद्रे मुकी झाली.

परवाना गेला तरी हातातील विद्या राहिली होती. असेच एक जाणकार नरिमन प्रिंटर यांच्या मदतीने प्रक्षेपक तयार झाला. शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने यांच्याकडून साहित्य मिळाले. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आणि विठ्ठलदास झवेरी हे उषाबेनचे सहकारी. राममनोहर लोहिया आणि अच्युत पटवर्धन यांचे मार्गदर्शन लाभले. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचा आवाज उमटला. ही लहरलांबी म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झ. हौशी प्रक्षेपकांच्या ४० मीटर पट्ट्याच्याच परिसरातली. या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात, त्यामुळे मुंबईतल्या एका खोलीतील माफक शक्तीचे यंत्रही दूरवर ऐकू येऊ शकते.

या केंद्रावर निवेदन होताना नाव सांगितले जाई, लहरलांबी सांगितली जाई. ठिकाण मात्र भारतात कुठेतरी, एवढेच. कॉल साइनचा नियम येथे अर्धाच पाळला जात होता. नाव उघड, पत्ता गुप्त. 'हिंदोस्ताँ हमारा'ने आरंभ आणि 'वंदे मातरम्'ने शेवट होई. मधल्या वेळात हिंदी व इंग्रजीतून देशभरच्या बातम्या आणि नेत्यांची भाषणे असत. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, चिमूर-आष्टीचे अत्याचार असे वृत्त श्रोत्यांना येथे ऐकायला मिळे.

परंतु ज्या लहरी श्रोत्यापर्यंत पोहोचतात, त्याच पोलिसांपर्यंतही पोहोचतात. दिशादर्शक अँटेना असलेली गाडी दोन ठिकाणांहून लहरींची दिशा मोजते आणि त्या दोन रेषा जेथे छेदतात, तेथे प्रक्षेपक सापडतो. म्हणूनच हे केंद्र वरचेवर जागा बदलत राहिले. शेवटी घात यंत्राने नव्हे, माणसाने केला. पकडला गेलेल्या तंत्रज्ञाकडून ठिकाण कळले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपण सुरू असतानाच पोलीस आत शिरले. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी यांना अटक झाली. जेमतेम तीन महिन्यांचे आयुष्य लाभलेले केंद्र बंद पडले.

यापुढची उषाबेनची लढाई मौनाची होती. सुमारे सहा महिने त्यांची चौकशी चालली. सहकाऱ्यांशी दगाफटका केल्यास परदेशात शिक्षणाची सोय करण्याचे आमिषही दाखवण्यात आले. त्यांनी ओठ उघडले नाहीत. न्यायालयातही, उत्तर देणे बंधनकारक नाही हे न्यायाधीशांकडून कळताच, त्यांनी एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. देशाला आवाज देणाऱ्या या तरुणीने स्वतःचा आवाज सोबत्यांच्या रक्षणासाठी मिटून घेतला. बाबूभाईंना पाच वर्षांची, उषाबेनना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांना एका वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने निर्दोष सुटले. येरवड्याच्या तुरुंगवासाने उषाबेनची प्रकृती ढासळली. १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी सत्तेकडे पाठ फिरवून गांधीविचारावर मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि विल्सन महाविद्यालयात तीन दशके अध्यापन केले. मणिभवनातील गांधी संग्रहालयाच्या कार्यातही त्या अखेरपर्यंत रमल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असतानाही त्या क्रांती मैदानावर गेल्या. ११ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.

महायुद्धानंतर हौशी प्रक्षेपकांना परवाने पुन्हा मिळू लागले. आज परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास सरकार परवाना आणि कॉल साइन देते. १९९३ च्या लातूर आणि २००१ च्या गुजरात भूकंपात दूरध्वनी यंत्रणा कोलमडली, तेव्हा याच मंडळींनी आपत्तीग्रस्त भागाला बाहेरच्या जगाशी जोडले. बातमी अडली की माणसे एकटी पडतात, हे १९४२ साली जाणलेल्या उषाबेनचे केंद्र मात्र कोणत्याही यादीत नव्हते आणि त्याला कॉल साइनही नव्हती. ज्या सरकारने ती द्यायची, त्याच्याच विरुद्ध ते उभे होते.