जनरल थिमय्या : शांतिसेनेचे सेनापती

बंगळुरू शहराच्या मध्यभागातून जाणाऱ्या रिचमंड रस्त्याला जनरल थिमय्या यांचे नाव देण्यात आले आहे. भूमध्य समुद्रातील सायप्रस या बेटावर लार्नाका शहरातील एका प्रमुख रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे. हजारो किलोमीटर अंतरावरील ही दोन शहरे एका भारतीय सेनानीच्या स्मृतीने जोडली गेली आहेत. १८ डिसेंबर १९६५ रोजी सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे नेतृत्व करीत असताना जनरल थिमय्या यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. त्यांचे पार्थिव विमानाने बंगळुरूला आणण्यात आले आणि तेथेच ते चिरविश्रांती घेत आहेत.

कोदंडेरा सुबय्या थिमय्या यांचा जन्म मार्च १९०६ मध्ये कोडगू प्रांतातील मडिकेरी येथे एका सधन कॉफी मळेवाल्या कुटुंबात झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना कुन्नूर येथील सेंट जोसेफ महाविद्यालयात शिक्षणासाठी पाठविण्यात आले. त्यानंतर बंगळुरूच्या बिशप कॉटन शाळेत त्यांचे शिक्षण झाले. डेहराडून येथील लष्करी महाविद्यालयातून ते इंग्लंडमधील सँडहर्स्ट या प्रसिद्ध लष्करी संस्थेत गेले आणि १९२६ साली त्यांना सैन्यात अधिकारपद मिळाले. प्रारंभी हायलँड लाइट इन्फन्ट्री या ब्रिटिश पलटणीत काम केल्यावर त्यांची नेमणूक एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये झाली. हीच रेजिमेंट पुढे कुमाऊँ रेजिमेंट म्हणून नावारूपास आली.

१९३५ साली क्वेट्टा शहर भीषण भूकंपाने उद्ध्वस्त झाले, त्या वेळी थिमय्या आणि त्यांच्या पत्नी नीना तेथेच होत्या. दोघांनीही मदतकार्यात स्वतःला झोकून दिले. नीना थिमय्या यांना या सेवेबद्दल कैसर-ए-हिंद पदक देण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवर त्यांनी आपल्या पलटणीचे नेतृत्व केले. जानेवारी १९४५ मधील कांगावच्या लढाईत एकाच ब्रिगेडमधील तीन पलटणींची सूत्रे तीन भारतीय अधिकाऱ्यांकडे होती. थिमय्या, लायनेल प्रतीप सेन आणि कोल्हापूरशी नाते असलेले शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे ते तीन अधिकारी होत. भारतीयांना मोठ्या लढाईत नेतृत्व करता येईल किंवा नाही, याविषयी ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या मनात असलेली शंका या लढाईने दूर केली. तिघांनाही डीएसओ हा शौर्यसन्मान मिळाला. त्यानंतर थिमय्या यांच्याकडे संपूर्ण ब्रिगेडचे नेतृत्व आले. प्रत्यक्ष युद्धात हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय अधिकारी ठरले.

फाळणीच्या काळात पंजाबमध्ये निर्वासितांच्या संरक्षणाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. पुढे काश्मीरमध्ये एकोणिसाव्या डिव्हिजनचे प्रमुख असताना त्यांनी जोझी ला या सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवरील खिंडीत रणगाडे नेण्याचा धाडसी निर्णय घेतला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी रणगाड्यांच्या अनपेक्षित माऱ्यापुढे शत्रूला माघार घ्यावी लागली आणि लेहचा मार्ग मोकळा होण्यास मदत झाली.

असा हा रणांगणावर नाव कमावलेला सेनानी. परंतु त्यांच्या आयुष्यातील दोन अत्यंत कठीण कामगिऱ्या शस्त्र न चालविण्याच्या होत्या.

पहिली कामगिरी कोरियातील होती. जुलै १९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले, तेव्हा युद्धकैद्यांचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला होता. हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी परतण्यास तयार नव्हते. त्यांची इच्छा खरी आहे की त्यांच्यावर दबाव आहे, हे ठरविण्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया हे अन्य सदस्य होते. अध्यक्षपद भारताकडे होते आणि भारताने त्यासाठी थिमय्या यांची निवड केली. कैद्यांचा ताबा घेणारे सैन्य केवळ भारताचे होते. त्याचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात. कांगावच्या लढाईतील दोन सहकारी पुन्हा एकत्र आले.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतीय सैन्याच्या आगमनास तीव्र विरोध होता. भारतीय जवानांनी आपल्या भूमीवर पाऊलही ठेवता कामा नये, अशी त्यांच्या सरकारची भूमिका होती. त्यामुळे इंचॉन बंदरातून जवानांना हेलिकॉप्टरने थेट सैन्यविरहित पट्ट्यात उतरविण्यात आले. तेथे उभारलेल्या छावणीला हिंद नगर असे नाव देण्यात आले. सुमारे २२ हजार ६०० चिनी आणि उत्तर कोरियन कैदी, तसेच दुसऱ्या बाजूचे ३५९ कैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात आले.

कैद्यांच्या छावण्यांमध्ये त्यांच्याच कडव्या नेत्यांची सत्ता चालत असे. सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवले. थोरात यांनी गोळीबाराचा आदेश न देता स्वतः निःशस्त्र आत जाऊन त्यांची सुटका करून घेतली. बळाचा वापर केला असता तर रक्तपात झाला असता आणि आयोगाचे कामही तेथेच संपले असते.

आयोगाला ठरवून दिलेल्या नव्वद दिवसांपैकी अवघे दहा दिवस कैद्यांना समजावून सांगण्याचे काम होऊ शकले. सहाशेहून थोडे अधिक कैदी मायदेशी परतले. ज्या राजकीय परिषदेत उरलेल्यांचा निर्णय व्हायचा होता, ती परिषद भरलीच नाही. थिमय्या यांच्यापुढे पेच उभा राहिला. कैद्यांना परस्पर मुक्त करण्याचा अधिकार आयोगाला नाही आणि त्यांना अनिश्चित काळ ताब्यात ठेवणेही शक्य नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २० जानेवारी १९५४ पासून कैद्यांना ज्यांच्याकडून घेतले होते, त्यांच्याच हवाली करण्यात आले. हा निर्णय कोणत्याच बाजूला पूर्णपणे रुचला नाही. मात्र मोठा हिंसाचार न होता काम पार पडले. कोणत्याही बाजूकडे जाण्यास नकार देणारे ८८ जण भारतीय सैन्याबरोबर भारतात आले. त्याच वर्षी थिमय्या यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. कोरियातील अनुभवांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी दक्षिण आणि पूर्व विभागांचे प्रमुख म्हणून काम केले. मे १९५७ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. संरक्षण मंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याशी असलेल्या तीव्र मतभेदांमुळे ऑगस्ट १९५९ अखेर त्यांनी राजीनामा दिला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या आग्रहावरून त्यांनी तो मागे घेतला. मे १९६१ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. त्यांच्याच कार्यकाळात गाझा पट्टीत भारतीय पलटण संयुक्त राष्ट्रसंघाच्या निळ्या ध्वजाखाली कार्यरत होती आणि १९६१ साली भारताची एक संपूर्ण ब्रिगेड काँगोमध्ये पाठविण्यात आली.

काँगोच्या मोहिमेने संयुक्त राष्ट्रसंघापुढे एक नवा प्रश्न उभा केला. शांतता राखण्याचा खर्च कोणी द्यायचा, हा तो प्रश्न होता. काँगोमध्ये एका वेळी सुमारे वीस हजार सैनिक तैनात होते आणि मोहिमेचा एकूण खर्च चाळीस कोटी डॉलरच्या घरात गेला. सर्व सदस्य राष्ट्रांनी ठरलेल्या प्रमाणात वर्गणी द्यावी, असे आमसभेने ठरविले होते. सोव्हिएत संघ आणि फ्रान्स यांनी ती देण्यास नकार दिला. असा खर्च लादण्याचा अधिकार आमसभेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तिजोरी रिकामी होऊ लागल्याने डिसेंबर १९६१ मध्ये वीस कोटी डॉलरपर्यंतचे कर्जरोखे विकण्यास आमसभेने मंजुरी दिली. जुलै १९६२ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा खर्च संघटनेचाच असल्याचा सल्ला नऊ विरुद्ध पाच मतांनी दिला. तरीही थकबाकी वसूल झाली नाही. दोन वर्षांची वर्गणी थकविणाऱ्या राष्ट्राचा आमसभेतील मताधिकार जातो, अशी सनदेत तरतूद आहे. तो प्रसंग टाळण्यासाठी १९६४च्या अखेरीस सुरू झालेल्या अधिवेशनात नेहमीप्रमाणे मतदान घेण्याचेच टाळण्यात आले.

याच पेचप्रसंगाच्या काळात सायप्रसची शांतिसेना जन्माला आली. १९६० साली स्वतंत्र झालेल्या या बेटावर डिसेंबर १९६३ मध्ये ग्रीक आणि तुर्की सायप्रसवासीयांमध्ये रक्तरंजित संघर्ष सुरू झाला. ४ मार्च १९६४ रोजी सुरक्षा परिषदेने शांतिसेना स्थापन करण्याचा ठराव संमत केला. परंतु तिच्या खर्चासाठी सक्तीची वर्गणी ठेवण्यात आली नाही. सैन्य पाठविणारी राष्ट्रे आणि सायप्रस सरकार यांनी खर्च सोसावा आणि सरचिटणीसांनी इतरांकडून ऐच्छिक देणग्या स्वीकाराव्यात, असे ठरले. सैन्याची मुदतही सुरुवातीला अवघी तीन महिन्यांची होती.

पहिले सेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी हेही भारतीयच होते. त्यांच्यानंतर जुलै १९६४ मध्ये ही जबाबदारी थिमय्या यांच्याकडे आली. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. ब्रिटन, कॅनडा, डेन्मार्क, फिनलंड, आयर्लंड आणि स्वीडन या देशांच्या पलटणी आणि ऑस्ट्रियाचे वैद्यकीय पथक त्यांच्या हाताखाली होते. सैनिकांची संख्या सहा हजारांच्या वर होती. मात्र त्यांना केवळ स्वसंरक्षणासाठी शस्त्र उचलण्याची मुभा होती.

पदभार स्वीकारून महिनाही झाला नव्हता, तोच ऑगस्ट १९६४ मध्ये वायव्य किनाऱ्यावरील कोक्किना येथे लढाई भडकली. ८ आणि ९ ऑगस्ट रोजी तुर्कस्तानच्या विमानांनी बेटावर बॉम्बहल्ले केले. सुरक्षा परिषदेने तातडीने युद्धबंदीचे आवाहन केले आणि दोन्ही बाजूंनी ते मान्य केले. युद्धबंदी टिकवून धरण्याचे काम शांतिसेनेकडे आले. ऑक्टोबरमध्ये निकोसिया ते किरेनिया हा वादग्रस्त रस्ता शांतिसेनेच्या देखरेखीखाली खुला झाला. या रस्त्याचा प्रश्न बेटावर असलेल्या ६५० जणांच्या तुर्की तुकडीच्या बदलीशी निगडित होता.

उरलेले काम मात्र बातम्यांमध्ये क्वचितच येणारे होते. शेतकऱ्यांना पेरणी व कापणी करता यावी म्हणून पहारा देणे, वाहनांच्या ताफ्यांना संरक्षण देणे, टपाल आणि पाणीपुरवठा सुरू ठेवणे, दोन्ही बाजूंच्या चौक्यांवरील वाळूची पोती मागे घ्यायला लावणे अशी कामे जवान दररोज करीत असत. एखाद्या पोत्यावरून सुरू झालेला वाद तासाभरात गोळीबारापर्यंत पोहोचू शकत असे. त्यामुळे सेनाप्रमुखांचा बराच वेळ वाटाघाटींमध्ये जात असे. नोव्हेंबर १९६५ मध्ये फामागुस्ता येथे पुन्हा चकमकी झाल्या.

या सर्व काळात सैन्याच्या खर्चाची टांगती तलवार कायम होती. जमा होणाऱ्या देणग्या खर्चाला पुऱ्या पडत नव्हत्या आणि सरचिटणीस ऊ थांट यांना सदस्य राष्ट्रांकडे वारंवार मदतीची मागणी करावी लागत होती. तीन महिने, फार तर सहा महिने इतक्याच मुदतीची खात्री असलेल्या सैन्याचे नियोजन करणे ही कोणत्याही सेनापतीची परीक्षा होती. १७ डिसेंबर १९६५ रोजी सुरक्षा परिषदेने शांतिसेनेला आणखी तीन महिन्यांची मुदतवाढ दिली. दुसऱ्याच दिवशी थिमय्या यांचे निधन झाले. १९६६ साली सायप्रस सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

खर्चाचा प्रश्न त्यांच्या पश्चातही दीर्घ काळ सुटला नाही. १९७३ साली सिनाईमधील नव्या शांतिसेनेसाठी आमसभेने सदस्य राष्ट्रांच्या ऐपतीनुसार वर्गणी आकारण्याची पद्धत स्वीकारली. श्रीमंत राष्ट्रांवर, विशेषतः सुरक्षा परिषदेच्या स्थायी सदस्यांवर, अधिक भार आणि गरीब राष्ट्रांना मोठी सवलत, असे तिचे स्वरूप होते. सायप्रसची शांतिसेना मात्र देणग्यांवरच अवलंबून राहिली. सैन्य पाठविणाऱ्या राष्ट्रांना त्यांचे पैसे मिळण्यास दहा वर्षांहून अधिक विलंब होऊ लागला. स्वीडन, डेन्मार्क आणि कॅनडा यांनी एकापाठोपाठ एक आपल्या पलटणी मागे घेतल्या. तूट सुमारे वीस कोटी डॉलरवर पोहोचल्यावर मे १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने देणग्यांतून भागणार नाही तो खर्च सर्व सदस्यांच्या वर्गणीतून करण्याचे ठरविले. या निर्णयासाठी तब्बल २९ वर्षे लागली. आजही या सैन्याचा एक तृतीयांश खर्च सायप्रस सरकार उचलते आणि ग्रीस दरवर्षी ६५ लाख डॉलर देतो.

शांतिसेनेच्या कार्यात भारताचा सहभाग पुढेही वाढत गेला. १९६९ ते १९७६ या काळात सायप्रसमध्ये पुन्हा एका भारतीय अधिकाऱ्याने, दिवाण प्रेमचंद यांनी, सेनाप्रमुखपद भूषविले. १९७४ सालच्या तुर्की आक्रमणाला त्यांनाच सामोरे जावे लागले. आतापर्यंत संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमांमध्ये सुमारे १८० भारतीय शांतिसैनिकांना वीरमरण आले असून कोणत्याही देशापेक्षा हा आकडा अधिक आहे. दुसरीकडे वर्गणीच्या थकबाकीचा प्रश्न नव्या स्वरूपात पुन्हा उभा राहिला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या टंचाईमुळे नऊ मोहिमांमधील शांतिसैनिकांची संख्या सुमारे एक चतुर्थांशाने कमी करण्याची घोषणा संयुक्त राष्ट्रसंघाला करावी लागली.

जनरल थिमय्या यांचे मडिकेरी येथील सनी साइड हे घर आता संग्रहालय झाले आहे. ६ फेब्रुवारी २०२१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्या शांतिसेनेचे नेतृत्व करताना त्यांनी देह ठेवला, ती तीन महिन्यांसाठी नेमलेली सेना साठ वर्षांनंतरही सायप्रसमध्ये पहारा देत आहे.